भागीची पहिली पंचमी

माझ्या नातीनं पुण्यात एक मांजर पाळलंय. मध्ये तिनं घर बदललं, तेव्हा आठ दिवस मला रोज फोन. आजी, मांजर पलंगाखालून बाहेरच येत नाही. आजी, मांजर काही खातच नाही. मग तिनं मोबाईलवर कुठंतरी वाचून काढलं आणि उलट मलाच शिकवायला लागली. पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवायचं, जुनं अंथरूण न धुता तसंच आणायचं, खाण्याची वेळ बदलायची नाही, लगेच बाहेर सोडायचं नाही. मी म्हटलं, अगं बये, हे सगळं तुझ्या पणजीनं केलंय, आणि तिला अक्षरओळखसुद्धा नव्हती. नात म्हणाली, मग पणजीचं मांजर रुळलं का? मी म्हटलं, स्वयंपाक राहिलाय माझा, नंतर बोलू. खरं तर स्वयंपाक कधीच झाला होता.

मी दहावी पास झाले तेव्हा आमच्या भावकीत तेवढं शिकलेली दुसरी मुलगी नव्हती, आणि आता तेवढं पुरे झालं, असं सगळ्या भावकीचं मत होतं. आमची वस्ती येरमाळ्याच्या अलीकडं, फाट्यावर उतरून शेतातनं अर्धा तास आत. आमचं आणि चुलत्याचं अशी दोन घरं, एक लिंब, एक विहीर, दावणीला बैलं. मला भावंडं नव्हती. मला मास्तरीण व्हायचं होतं, आणि त्यासाठी अकरावी-बारावीला कळंबला राहणं भाग होतं, कारण आमच्या फाट्यावर बस थांबेलच याचा काही भरवसा नसायचा. वडील, त्यांना मी आबा म्हणायचे, माणूस म्हणून वाईट नव्हते. पारावर कुणी ‘पोरीचं काय ठरवलंस’ असं विचारलेलं मात्र त्यांना सोसायचं नाही. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता आई म्हणाली, “म्या जाते तिच्यासंगं. कळंबात खोली बगा.” ती असं का म्हणाली, ते मला तेव्हा कळलं नाही आणि पुढंही तिनं कधी सांगितलं नाही. आबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “पंचमीपतुर बगू. तुज्या आईचं चित्त तिकडं लागलं, तर रहा दोघी बारावीपतुर. न्हाय लागलं, तर गुमान माघारी यायचं आन् दिवाळी झाली की म्या स्थळं बगणार. मग रडायचं न्हाय.” म्हणजे जूनपासून नागपंचमीपर्यंत, जेमतेम दोन महिने.

आईचं चित्त कुठं लागतं, याचा आमच्या घरात तोवर कुणी विचारच केलेला नव्हता. तिचं माहेर दोन कोसांवर. लग्न झाल्यापासून तिनं वस्ती आणि माहेर याखेरीज तिसऱ्या जागी पाठ टेकली नव्हती. आबा मुळात अबोल, मी शाळेत, चुलतीशी तिचं कामापुरतं. राहता राहिली भागी. भागी म्हणजे मांजर. अंगानं पांढरी, पाठीवर एक काळा डाग, आणि दारात सापडून शेपूट अर्धी गेलेली. आई तिच्याशी बोलायची. चुलीपुढं बसून भाकरी थापताना दिवसभराचं सगळं तिला सांगायची, कोणत्या गाईनं दूध चोरलं, चुलतीनं काय टोमणा मारला, आणि भागी चुलीच्या उबेला डोळे मिटून गुरगुरायची. मला त्या वयात या प्रकाराचा फार राग यायचा. पण खोली ठरल्यावर आई म्हणाली, “भागी बी येणार,” आणि तिथं मी तोंड मिटून घेतलं. आबांनी कपाळाला हात लावला.

निघायच्या दिवशी आईनं भागीला चुंगड्यात घातलं, म्हणजे ज्वारीच्या लहान पोत्यात, आणि दाभणानं त्याचं तोंड शिवलं. मांजराला वाट कळली तर ते माघारी येतं, असं आमच्याकडं मानतात. म्हणून फाट्यावर बस यायच्या आधी आईनं ते चुंगडं दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि जागच्या जागी सात गिरक्या घेतल्या. सातव्या गिरकीला तिलाच भोवळ आली आणि ती मैलाच्या दगडावर बसली. भागी आत गप्प होती. बसमध्ये कंडक्टर आला. “मावशी, चुंगड्यात काय हाय?” आई म्हणाली, “डाळ हाय तुरीची.” तेवढ्यात चुंगड्यातून एक लांबलचक हाळी आली. कंडक्टर म्हणाला, “डाळ लई तरणी दिसतीया!” सगळी बस हसली. आईही पदर तोंडाला लावून हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिले, जणू या बाईशी माझा काही संबंध नाही.

कळंबला आमची खोली मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत होती. पुढं धान्याचं गोदाम, मागं पत्र्याची एक खोली आणि हातभर परस. मालकीण साठीची, आडत्याची विधवा बाई. सगळी गल्ली तिला नानी म्हणायची. तोंडानं महाफटकळ. गोदामात उंदरांनी उच्छाद मांडलेला, त्यामुळं मांजर आहे म्हटल्यावर ती खूश झाली आणि कौतुकानं दारात येऊन उभी राहिली. आईनं पिशवीतून लाकडी चिपटं, म्हणजे धान्य मोजायचं माप, काढलं, त्यात ज्वारी भरली आणि उंबऱ्यावर ठेवलं. मला काही उमगेना. आईनं चुंगड्याची शिवण उसवली, भागीला काखेत घट्ट धरलं, आणि तिचा पुढचा उजवा पाय धरून ते चिपटं लवंडलं. सुनेला घरात घेताना करतात अगदी तसं. ज्वारी घरभर झाली. नानी म्हणाली, “अगं शालूची आई, नवरीचं नाव बी बदलायचं का काय?” आई अगदी गंभीरपणानं म्हणाली, “नाव ऱ्हाऊ द्या माहेरचंच. हाक मारल्याली कळाया नको व्हय तिला?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गल्लीतली चार पोरं बघत उभी होती, आणि त्यातला एक उद्यापासून माझ्याच वर्गात असायचा होता.

त्या संध्याकाळी आई ज्वारीचे दाणे वेचत होती. भागी बारदानाच्या ढिगामागं जाऊन बसली होती, तिचे नुसते डोळे दिसत होते. आई वेचता वेचता हसत म्हणाली, “शालू, ही टिकली तर म्या बी टिकंन बग.” तिनं ते गमतीनं म्हटलं असेल. मी गमतीनं घेतलं नाही. माझ्या डोक्यात सरळ हिशेब बसला. भागी टिकली की आई टिकणार, आई टिकली की माझं कॉलेज टिकणार, आणि भागी पळाली की दिवाळीनंतर मी कुठल्यातरी वस्तीवर शेण काढायला. इतका जीव मी आयुष्यात नंतर कोणत्या परीक्षेलाही लावला नसेल, जितका त्या अर्ध्या शेपटीच्या मांजराला लावला.

आईनं वस्तीवरून डब्यातून चुलीतली राख आणली होती. ती कोपऱ्यात पसरली, म्हणजे भागीला बसा-उठायला ओळखीची जागा. जिच्यावर भागी झोपायची ती गोधडी न धुता, केसांसकट आणली होती. मी झरोक्यात चिंध्या कोंबल्या, दाराची फट फळीनं बुजवली आणि कॉलेजला जाताना भागीला कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली घालून वर वरवंटा ठेवायला लागले. नानीनं सांगितलं, पायाला लोणी लावा, चाटता चाटता जुनं घर विसरतं. आम्ही लोणी लावलं. भागीनं चारी पाय चाटून लख्ख केले आणि पुन्हा बारदानामागं गेली. लोणी तिला आवडलं, विसरली मात्र ती काही नाही. चार दिवस तिनं तोंडात काही घेतलं नाही. मी बाजारातून सुकट आणली, चोळून भाकरीत कालवली, बशी तिच्या नाकापाशी सरकवली. ती माझ्याकडं बघायची आणि मान भिंतीकडं वळवायची. एकदा तर मला इतका संताप आला की मी बशी आपटली. आई म्हणाली, “तिच्यावर कशाला वरडतीस? तिनं का सांगितलं व्हतं आणा म्हणून?”

आवाज हे एक कारण असावं. वस्तीवर सकाळी बैलांच्या घुंगरमाळा, दुपारी होल्यांचं घुमणं, बाकी सामसूम. इथं उजाडल्यापासून हमालांच्या हाळ्या, मोंढ्यातले सौदे, ट्रकची फळकुटं आपटल्याचा दणका आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा दिवसभर फटफट वाजत असायचा. त्यात आमच्या खोलीत रॉकेलचा स्टोव्ह. तो पेटवला की भागी पाठ फुगवून वर उडायची. चुलीपुढं जन्म गेलेल्या मांजराला स्टोव्ह म्हणजे नाग वाटत असणार. आईचंही स्टोव्हशी जमत नव्हतं. भाकरीला पापुद्रा सुटत नाही म्हणायची. एका रविवारी मी परसात तीन विटा मांडल्या, मातीनं लिंपल्या, नानीशी धुरावरून कचाकचा भांडले आणि चूल पेटवली. आईनं भाकरी थापली, मी येसर, म्हणजे डाळी-धान्याचं मसाल्याचं पीठ, कालवून आमटी टाकली. फोडणीचा वास पसरला तशी भागी उंबऱ्यापर्यंत आली, थांबली, वास घेतला, आणि चुलीच्या बाजूला येऊन पाय पोटाशी घेऊन बसली. मी आनंदानं ओरडणार होते, पण ती बिचकेल म्हणून पळी हातात धरून तशीच उभी राहिले.

तिथून पुढं भागी सुधारली. अर्धी बशी खायची ती सगळी खायला लागली. डालगं बंद झालं. गोदामात जायला लागली आणि एक दिवस तिनं घुशीएवढा उंदीर आणून नानीच्या पायाशी टाकला. नानीनं तिची दृष्ट काढली आणि तिला रोज वाटीभर दूध चालू केलं. आई गोदामातल्या बायकांबरोबर धान्य पाखडायला जायला लागली होती. तिची काही तक्रार नव्हती, म्हणजे तीही रुळली असं मी धरून चालले. मी तर फारच ऐटीत होते. वर्गात बाई माझी उत्तरं वाचून दाखवायच्या, आणि घरी येऊन बघावं तर मांजर भिंतीवर उन्हाला बसलेलं. आज मागं वळून बघते तर एक गोष्ट लक्षात येते. त्या दोन महिन्यांत भागीनं कधी काय खाल्लं, ते मला सगळं आठवतं. आई काय खायची, ते एका दिवसाचंही आठवत नाही.

एकदा फक्त आई काहीतरी बोलली होती. मी अभ्यास करत होते, ती दारात गहू निवडत होती आणि भागी समोरून गोदामाकडं निघाली होती. आई म्हणाली, “ही आता मांडीवर येत न्हाय. गुरगुरत बी न्हाय.” मी वहीतून डोकं वर न काढता म्हटलं, “उंदरं धरतीय की चांगली.” आई म्हणाली, “व्हय. काम करती.” आणि पुन्हा गहू निवडायला लागली.

पंचमी चार दिवसांवर आली. आम्ही दोघी वस्तीवर जाणार, आबा विचारणार, आई ‘चित्त लागलंय’ म्हणणार, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी परत येणार, असं सगळं मी मनात पक्कं केलं होतं. भागीला दोन दिवस नानी दूध घालणार होती. आणि अशात आईनं दोरीवरचं जुनं चुंगडं काढलं आणि झटकलं. मी विचारलं, “हे कशाला?” आई म्हणाली, “भागीला. तिची पयली पंचमी हाय न्हवं? नव्या नवरीला पयल्या पंचमीला माहेरी न्यावं लागतंय.” मला आधी वाटलं थट्टा करतेय. पण ती दाभण शोधत होती. मग मात्र माझा तोल गेला. “अगं आई, मांजर आहे ते! कसली नवरी नि कसलं माहेर? दोन महिने राबले मी तिच्यामागं. एकदा तिकडं नेलं की ती पुन्हा इथं राहणार आहे का?” आई म्हणाली, “माप वलांडून आणलंय म्या तिला. असं अर्धं करून चालतं व्हय? लोकाच्या लेकी माहेरी येत्यात, आन् हिनं पत्र्याखाली बसायचं का?” मी नानीला मध्ये घातलं. नानी म्हणाली, “शालूची आई, येड लागलं का तुला? बसल्यालं मांजर उठवतीस?” आईनं दोघींचंही ऐकून घेतलं आणि येडाईची, म्हणजे आमच्या डोंगरावरच्या देवीची, आण घातली, की जाईन तर भागीला घेऊनच जाईन, नाहीतर मीही जात नाही. येडाईचं नाव आल्यावर आमच्याकडं वाद संपतो. आई एरवी कशालाच हट्ट करायची नाही, म्हणून तिच्याशी हट्टानं भांडायचं कसं, तेही मला माहीत नव्हतं.

वस्तीवर पोचलो. चुलतीनं लाह्या फोडून ठेवल्या होत्या, लिंबाला झोका बांधला होता. आईनं अंगणातच शिवण उसवली. भागी बाहेर आली, क्षणभर कान टवकारून उभी राहिली, आणि इकडं तिकडं न बघता सरळ घरात घुसून चुलीच्या राखेत लोळली. उताणी, चारी पाय वर. पांढरी मांजर काळी-करडी होऊन बाहेर आली आणि आईच्या पातळाला अंग घासायला लागली. चुलती ओरडली, “अगं, धुतल्यालं पातळ!” आणि आई हसली. मोठ्यांदा, मान मागं टाकून. असं हसताना तिला मी कळंबला एकदाही बघितलं नव्हतं, आणि हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मला आईची काळजी वाटली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही नव्हतं. मला माझी काळजी वाटली.

पंचमीला आमच्याकडं चिरायचं नसतं, तवा ठेवायचा नसतो. म्हणून पुरणाचे दिंड उकडतात आणि वर तूप घेऊन खातात. आईनं त्या दिवशी बसल्या जागी पाच दिंड खाल्ले. दुपारी बायका झोक्यावर होत्या, फेर धरत होत्या. आई नुसती ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती आणि भागी तिच्या मांडीवर. मी जवळ गेले तर गुरगुर ऐकू येत होती. आई तिला हळू आवाजात काहीबाही सांगत होती. मी आल्यावर गप्प झाली. संध्याकाळी आबा जेवायला बसले आणि त्यांनी विचारायचं ते विचारलं. “काय, करमतंय का तिकडं?” आईनं त्यांच्या दिंडावर तूप सोडलं आणि म्हणाली, “करमाया काय झालं? नळाला पाणी हाय. गिरण दारात हाय.” आबांनी तिच्याकडं बघितलं. मग म्हणाले, “मग जावा उद्या.” एवढंच. मी उठून परड्यात गेले आणि अंधारात एकटीच नाचले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला बस होती. मी सकाळपासून भागीला शोधत होते. गोठ्यात नाही, माळवदावर नाही, विहिरीच्या कठड्यावर नाही. आई आपलं गाठोडं बांधत होती आणि तिची काही घाई नव्हती, म्हणून माझा जीव आणखीच वरखाली होत होता. शेवटी भागी सापडली कडब्याच्या गंजीवर, अगदी वर. मी पेंढ्या धरत वर चढले, तिची मानगूट धरली. तिनं माझा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडला. त्याची एक रेघ अजून आहे. तरी मी सोडलं नाही. तिला चुंगड्यात कोंबलं, तोंडाला दोरी आवळली आणि रक्ताळलेल्या हातानं ते चुंगडं आईपुढं आणून ठेवलं. मला वाटलं ती शाबासकी देईल. आई म्हणाली, “सोड तिला.”

“गाडी चुकंल आई. चल.”

“सोड म्हणते न्हवं?”

मी हलले नाही. मग तिनंच खाली बसून दोरी सोडली. भागी बाहेर पडली ती तीरासारखी गोठ्याकडं गेली. आणि मला वाटलं, संपलं. भागी इथं राहिली म्हणजे आई इथं राहिली. पंचमीचं, माहेराचं, मापाचं सगळं सोंग या एका गोष्टीसाठी होतं, आणि मी मूर्खासारखी चूल मांडत बसले. मी ओरडले. चुलतीच्या दारापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले. “तुला यायचंच नव्हतं! मांजराचं निमित्त करून माझं वाटोळं करायलीस! एवढंच होतं तर आधीच सांगायचं, म्या येडाईच्या डोंगरावरून उडी टाकली असती!” आबा दावं हातात घेऊन उभे होते. आईनं माझ्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं, पदराचं टोक ओलं करून रक्त पुसलं. मग गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं. “गाडी चुकंल म्हणत व्हतीस न्हवं?” असं म्हणून ती पुढं चालायला लागली.

अर्ध्या तासाची वाट. रात्री पाऊस झाला होता, चपलांना काळी माती धरत होती. ती पुढं, मी मागं. मला माफी मागायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी मागितली नसती, असल्या गोष्टी आमच्यात नव्हत्या. फाट्यावर आल्यावर मी इतकंच विचारलं, “आता नानी काय म्हणंल?” आई रिकाम्या चुंगड्याची घडी घालत होती. म्हणाली, “नानीला उंदरं धराया मांजर पायजे. कुटलं बी आणंल.” घडी करून झाल्यावर ती वस्तीच्या दिशेनं बघत राहिली. तिथून वस्ती दिसत नाही, लिंबाचा नुसता शेंडा दिसतो. मग म्हणाली, “आमच्या दोघीतली येक तरी ऱ्हाऊ दे की घरी.”

मला ते ऐकू आलं. पण त्याच वेळी वळणावर बस दिसली, आई पुढं झाली, दांडी धरून चढली, आणि मला तेवढंच हवं होतं. बसमध्ये मी तिला खिडकीची जागासुद्धा दिली नाही.

त्यानंतर आई कळंबला पुढची पावणेदोन वर्षं राहिली. नानीनं दुसरं मांजर आणलं, बोका होता; आई त्याला भाकरी टाकायची, पण त्याला तिनं नाव ठेवलं नाही आणि त्याच्याशी ती कधी बोललीही नाही. आबा अधूनमधून यायचे आणि तेच विचारायचे, ती तेच सांगायची. मी शिकले, मास्तरीण झाले, पेन्शन खाते. लोक म्हणतात बाई जिद्दीनं शिकल्या, आणि मी ऐकून घेते. मला त्या शब्दाची लाज वाटते, हे आज पहिल्यांदाच लिहितेय.

बारावीचा शेवटचा पेपर होता भूगोलाचा. पेपर चांगला गेला होता, मी गल्लीतून जवळजवळ पळतच आले. खोलीचं दार उघडं होतं, आत झाडून घेतलेलं. भिंतीवरची भांडी काढलेली, स्टोव्ह नानीच्या दारात ठेवलेला. परसातल्या चुलीच्या विटा एकावर एक रचून ठेवल्या होत्या. दोन गाठोडी बांधून तयार होती, आणि आई धुवट पातळ नेसून, पायात चपला घालून उंबऱ्यावर बसली होती. कधीपासून बसली होती कोण जाणे. पेपर कसा गेला, असं तिनं विचारलं नाही. मला बघून ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “येरमाळ्याची गाडी कितीला हाय गं?”